पुलाच्या आधीचा फाटा

नमस्कार मंडळी. मोटरहोम म्हणजे राहायची सोय असलेली घरासारखी गाडी. अशा मोठ्या मोटरहोमचा रस्ता कसा आखायचा, हा आजचा विषय. सुरुवात एका रात्रीपासून करतो, कारण मी हे सगळं शिकायला लागलो ते त्या रात्रीनंतर.

आमचं मोटरहोम चालवण्याचं ते पहिलंच वर्ष. बारा मीटर लांब गाडी, मागे दांड्याला जोडलेली छोटी मोटार, रात्रीचे साडेनऊ, पाऊस लागलेला. नॅव्हिगेशनने हमरस्ता सोडून एका आतल्या रस्त्याला घातलं. जवळचा रस्ता होता म्हणून मीही गेलो. दोन वळणं घेतली आणि दिव्यांच्या उजेडात रेल्वेचा पूल दिसला. त्यावर पिवळी पाटी : १२ फूट २ इंच. आमच्या गाडीची उंची मला ‘साधारण बारा फूट’ अशी ठाऊक होती. त्या ‘साधारण’ने घात केला. छतावरचा एसी त्यात धरलाय की नाही, हेसुद्धा मला सांगता येईना.

थांबलो. मागे गाड्यांची रांग लागली. बरं, रिव्हर्स घ्यावा तर तेही जमण्यासारखं नव्हतं. चारही चाकांवर ओढून आणलेली मोटार मागे ढकलता येत नाही. तिची पुढची चाकं वाटेल तशी वळतात आणि जोडदांडा वाकतो. म्हणजे आधी ती सोडवायची. बायको टॉर्च धरून उभी, मी चिखलात गुडघे टेकलेले, आणि दांड्यावर ताण असल्यामुळे पिना काही निघेनात. तिने छोटी मोटार बोटभर पुढे घेतली तेव्हा पहिली पिन सुटली. सगळं मिळून पाऊण तास गेला. पुलाला गाडी लागली नाही, कुणाला इजा झाली नाही. पण त्या रात्री मी वहीत एक ओळ लिहिली, ती आजही माझ्यापुढे असते : चूक पुलापाशी झाली नाही, दीड मैल मागे फाट्यावर झाली.

आजचं माझं सांगणं एवढ्याच एका गोष्टीभोवती आहे. लहान मोटारीला अडचण समोर आल्यावर निर्णय घेता येतो. ती वळते, मागे येते, कडेला उभी राहते. मोठ्या गाडीला ही सोय नाही. जिथून सुखरूप दुसरीकडे वळता येईल अशा शेवटच्या फाट्यावर तिचा निर्णय व्हावा लागतो. म्हणून रस्ता आखणं म्हणजे नुसती अडचण कुठे आहे ते शोधणं नव्हे. तिच्या आधीचा शेवटचा फाटा कुठला, हे शोधणं.

अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायनातल्या डरहम गावचा रेल्वेपूल तुमच्यापैकी काहींनी व्हिडिओत पाहिला असेल. त्याखालची उंची होती ११ फूट ८ इंच, आणि ट्रकांची छपरं तिथे डबा उघडावा तशी सोलून निघायची. पुलाच्या अगदी अलीकडे चौक आहे, म्हणजे फाटा हाताशी आहे. उंच गाडी आली की यंत्र ओळखतं, सिग्नल लाल होतो, ‘उंची जास्त, वळा’ अशी पाटी उजळते. तरी माणसं पुढे जात राहिली. २०१९ मध्ये पूल उचलून १२ फूट ४ इंच केला, तरीही धडका बसल्याच. मला यातून एवढंच दिसतं, की आपल्या गाडीची उंची ज्याला पाठ नाही त्याला पाटी वाचूनही उपयोग होत नाही. समोरच्या आकड्याशी ताडून पाहायला आपला आकडा हवा ना?

तेव्हा पहिलं काम मोजण्याचं. माहितीपुस्तिकेतली उंची घेऊ नका. ती कारखान्यातून निघालेल्या गाडीची असते. नंतर छतावर एसी आला, अँटेना आली, सौरपट्ट्या आल्या. मी असं करतो. गाडी सपाट जमिनीवर उभी करायची, टायरमध्ये हवा नेहमीइतकी, हवेचं सस्पेन्शन असेल तर ते प्रवासाच्या उंचीवर. छतावरच्या सगळ्यात उंच वस्तूवर एक सरळ पट्टी आडवी ठेवायची, ती छताच्या कडेबाहेर आली पाहिजे. गवंडी वापरतात ती पाणसळ पट्टीवर ठेवायची, बुडबुडा मध्यावर आला की बाहेरच्या टोकाला ओळंबा सोडायचा आणि जमिनीपर्यंतचं अंतर टेपने मोजायचं. आमची गाडी भरली १२ फूट ६ इंच. त्या रात्री मी पुढे गेलो असतो तर काय झालं असतं, ते तेव्हा कळलं. त्या आकड्यात मी सहा इंच मिळवतो आणि तो मोठ्या अक्षरांत स्टिअरिंगसमोर चिकटवतो.

आकड्यांच्या दोन खोड्या इथेच सांगतो. १२ फूट ६ इंच म्हणजे १२.६ फूट नव्हे, १२.५ फूट. इंच आणि दशांश यांची गल्लत उपकरणात आकडा भरताना हमखास होते. दुसरी मीटरची. १२ फूट ६ इंच म्हणजे ३.८१ मीटर. तुम्ही ३.८ भरलंत तर गाडी एक सेंटिमीटरने बुटकी सांगितलीत. उंची, रुंदी, लांबी, वजन, काहीही असो, आकडा नेहमी वरच्या बाजूला न्यायचा. ३.९ भरा.

पाटीवरच्या आकड्यावरही आंधळा भरवसा नको. रस्त्यावर डांबराचा नवा थर चढला की खालची उंची तेवढी कमी होते. घट्ट बसलेल्या बर्फानेही होते. कमानीच्या पुलाखाली पुरी उंची फक्त मध्यावर मिळते, कडेने गेलात तर छताचा कोपरा अडकतो. आणि एक गोष्ट फारशी कुणी सांगत नाही, ती खळग्यातल्या पुलाची. रस्ता पुलाखाली खोल उतरून लगेच वर चढत असेल, तर लांब गाडीची पुढची चाकं एका चढावर आणि मागची दुसऱ्या चढावर असतात. मधला भाग अधांतरी उचलला जातो. चाकांमधलं अंतर ७ मीटर आणि दोन्हीकडचा उतार ५ टक्के धरला, तर अगदी कोनासारख्या खळग्यात मधलं छत साडेसतरा सेंटिमीटर वर जातं. जवळजवळ सात इंच! याच्या उलट, उंचवट्यावरच्या रेल्वे फाटकात पोट टेकतं आणि पेट्रोल पंपात शिरताना मागचं टोक घासतं.

देशोदेशीचे नियमही वेगळे. ब्रिटनमध्ये पुलावर उंचीची पाटी नसेल तर खाली निदान १६ फूट ६ इंच जागा असते. हा हिशेब दुसऱ्या देशात नेऊ नका. पाटी नाही म्हणजे धोका नाही, असं सगळीकडे नसतं.

आता नॅव्हिगेशन. साध्या मोबाइल नकाशाला तुमची गाडी दिसतच नाही, त्याच्या लेखी सगळ्याच मोटारी. ट्रकसाठी किंवा आरव्हीसाठी, म्हणजे मोटरहोमसारख्या गाड्यांसाठी बनवलेलं नॅव्हिगेशन घ्या, त्यात मापं भरता येतात. पण त्याच्याही पोटात असतं ते कुणीतरी कधीतरी गोळा केलेलं. म्हणून मी रस्ता दोनदा पाहतो : एकदा उपकरणात आणि एकदा रस्त्याच्या छायाचित्रांमध्ये, संशयाची जागा एकेक करून. हमरस्ता सोडल्यापासून मुक्कामापर्यंतचा तुकडा तर मी पूर्ण पाहतो. माझा अनुभव असा, की मोठ्या महामार्गावर सहसा काही होत नाही. घोळ होतो तो शेवटच्या काही मैलांत.

नकाशा शिळा कसा होतो, त्याचं एक उदाहरण देतो. अमेरिकेतल्या बाल्टिमोर शहराच्या बंदराखालून दोन बोगदे जातात. स्वयंपाकाच्या मोठ्या गॅस टाक्या असलेली गाडी त्यांतून नेता येत नाही. अशा गाड्या शहराच्या पूर्वेकडून फ्रान्सिस स्कॉट की पुलावरून जायच्या. २६ मार्च २०२४ च्या पहाटे मालवाहू जहाज धडकून तो पूल कोसळला आणि या गाड्यांना शहराच्या पश्चिमेचा वळसा घ्यावा लागला. उंची, रुंदी, वजन सगळं बसत असूनही गॅसपायी रस्ता बंद असू शकतो, हे पुष्कळांच्या ध्यानातच येत नाही. नदीखालचा, खाडीखालचा बोगदा दिसला की त्याचे गॅसचे नियम आधी वाचा.

डोंगरातल्या जुन्या रस्त्यांना तर मापाची अटच असते, कारण ते त्या काळच्या मोटारींसाठी कोरलेत. अमेरिकेतल्या झायन नॅशनल पार्कमधला माउंट कार्मेलचा बोगदा १९३० चा. त्यात मोठी गाडी आपल्या लेनमध्ये मावत नाही, मधोमधच चालावी लागते, म्हणून तिच्यासाठी समोरची वाहतूक थांबवायची पद्धत पडली होती. ग्लेशियर नॅशनल पार्कमध्ये ‘गोइंग टू द सन’ रस्त्याच्या वरच्या टप्प्यात २१ फुटांहून लांब किंवा आरसे धरून ८ फुटांहून रुंद गाडी चालत नाही. हे आरशांचं लक्षात ठेवा. मोठ्या मोटरहोमचं नुसतं अंगच साडेआठ फूट भरतं. अशा ठिकाणी पायथ्याशी गाडी लावून पार्कच्या बसने वर जावं. त्यात काही कमीपणा नाही, उलट डोळे रस्त्याऐवजी डोंगरावर राहतात.

वळणांबद्दल थोडक्यात सांगतो. मोठ्या मोटरहोममध्ये तुम्ही पुढच्या चाकांच्या वर किंवा पुढेच बसलेले असता, म्हणून वळण उशिरा घ्यायचं. आणि मागच्या चाकांमागे तीन-साडेतीन मीटर अंग लोंबत असेल, तर घट्ट वळणावर ते उलट्या बाजूला अर्धा मीटर बाहेर फेकलं जातं. तिथे खांब असेल, सायकलवाला असेल. म्हणून रस्ता आखताना जुन्या वस्तीतले चौक टाळायचे, मग दोन मैल जास्त पडले तरी चालतील.

उतारावर मात्र मी रेंगाळणार आहे, कारण इथे जिवाशी गाठ असते. आपलीच गाडी घ्या, समजा १० टनांची. घाटमाथ्यापासून पायथा १००० मीटर खाली आहे. उतरताना जी ऊर्जा मोकळी होते तिने २० अंशांचं सुमारे २९० लिटर पाणी उकळीला येईल. तेवढी उष्णता कुठेतरी जायला हवी. इंजिनाला आणि हवेला तिचा वाटा दिला नाहीत, तर सगळी ब्रेकच्या डिस्कमध्ये आणि पॅडमध्ये साठते. ब्रेक तापले की पकड सैल होते, ब्रेकचं तेल उकळलं की पाय खालपर्यंत जातो आणि गाडी थांबत नाही. जुने ड्रायव्हर सांगायचे, घाट ज्या गिअरमध्ये चढलात त्याच गिअरमध्ये उतरा. आताच्या इंजिनांना ते अक्षरशः लागू नाही, बऱ्याचदा चढाच्याही खालचा गिअर लागतो. पण त्यामागचं शहाणपण पक्कं आहे : गिअर माथ्यावरच पाडायचा, उतार लागल्यावर नाही. मग इंजिन गाडी धरून ठेवतं. वेग ठरवलेल्या मर्यादेला पोचला की ब्रेक ठाम दाबून ताशी आठ-दहा किलोमीटरने कमी करायचा आणि पाय पूर्ण काढायचा. सतत हलका पाय ठेवून उतरणं सगळ्यात वाईट, ब्रेकला निवायला वेळच मिळत नाही.

आखणीत याचा अर्थ काय? उताराचा टक्का आणि लांबी, दोन्ही पाहा. ६ टक्के म्हणजे किलोमीटरला ६० मीटर. एखादा किलोमीटर असेल तर काही नाही, पण सलग दहा किलोमीटर असेल तर तो दिवसाचा मुख्य प्रसंग. अमेरिकेच्या वायोमिंग राज्यातल्या टीटन खिंडीत उतार १० टक्क्यांपर्यंत जातो. तिथे मी आमची गाडी नेत नाही, वळसा घेतो. इथेही फाटा आधीच असतो : माथ्याच्या अलीकडे, जिथे थांबून ब्रेक निववता येतात आणि परतही फिरता येतं.

वारा नकाशात दिसत नाही, पण तोही रस्त्याचाच भाग. १० मीटर लांब आणि ३ मीटर उंच भिंतीवर ताशी ७२ किलोमीटरचा आडवा वारा सुमारे ७०० किलोच्या जोराने रेटतो. वेग दुप्पट झाला की रेटा चौपट. वायोमिंगच्या ८० क्रमांकाच्या महामार्गावर असा वारा सुटला की हलक्या आणि उंच गाड्यांना रस्ता बंद करतात. बंद केला नाही तरी निघायचं की नाही, हे आपण सकाळीच ठरवायचं.

आमचं वहीचं पान कसं असतं, तेवढं सांगतो. रोज रात्री बायको आणि मी दुसऱ्या दिवसाचं एक पान लिहितो. त्यावर अंतर आणि वेळ खाली कोपऱ्यात. मुख्य ओळी फाट्यांच्या : ‘हमरस्त्यावरून बाहेर पडायचा अमुक रस्ता चुकला तर परत फिरू नका, पुढच्याने निघा, तिथे मोठा पंप आहे.’ ‘पाऊस असेल तर इथून डावीकडे.’ प्रत्येक अडचणीच्या वर तिचा फाटा. मी गाडी चालवताना बायको फाट्याच्या दोन मैल आधी ते मोठ्याने वाचते आणि मी ते परत उच्चारतो. एखाद्या ओळीबद्दल दोघांपैकी एकालाही शंका असेल तर फाट्यावर वळायचं, वाद नंतर घालायचा.

पानाची शेवटची ओळ मुक्कामाची. तिथल्या माणसाला फोन करून विचारायचं, मोठी गाडी कुठल्या फाटकाने येते, झाडाच्या फांद्या किती खाली आहेत, आत गाडी फिरवायला जागा आहे का. उजेडाचे दोन तास हाताशी ठेवून पोचायचं. आणि पोचल्यावर बायको खाली उतरते, मागच्या कोपऱ्याशी उभी राहते. हाताच्या खुणा आमच्या ठरलेल्या आहेत. ती मला आरशात दिसत असेल तोवर गाडी हलते. दिसेनाशी झाली की मी ब्रेक दाबतो आणि ती पुन्हा दिसेपर्यंत पाय उचलत नाही.