गेटवरचं रजिस्टर

नमस्कार. निमंत्रणपत्रिकेवर माझा विषय 'अत्याचारातून गेलेल्या मुलांना समाजाचा आधार' असा भारदस्त छापलाय. तिथवर मी येणारच आहे. पण आधी आमच्या सोसायटीची गोष्ट. ती सांगितल्याशिवाय माझी गाडी पुढे सरकत नाही, हे इथल्या निम्म्या मंडळींना ठाऊक आहे.

कोथरूडातली जुनी सोसायटी, वार्षिक सभा. मी म्हटलं, मुलांच्या लैंगिक शोषणाबद्दल मोठ्यांसाठी दोन तास काढू या. चेअरमन म्हणाले, "ताई, आपल्याकडे तसली माणसं नाहीत." मग पार्किंगवर पाऊण तास, टँकरच्या बिलावर अर्धा तास, आणि माझ्या विषयाला सात मिनिटं. ठराव काय झाला? गेटवर रजिस्टर! जेवण घेऊन येणाऱ्या पोरानं नाव, नंबर, वेळ लिहायची. शिवाय पाटी : 'फेरीवाले, सेल्समन व कुत्री यांना प्रवेश नाही.' फेरीवाले बिचारे वाचून परत जातात. कुत्र्यांनी अजून वाचलेली नाही. (हशा)

हसा, पण ऐका. केंद्राच्या महिला व बालविकास मंत्रालयानं 2007 साली 13 राज्यांतल्या मुलांशी बोलून अहवाल काढला. निम्म्याहून जास्त, 53 टक्के मुलांनी कुठल्या ना कुठल्या प्रकारचं लैंगिक शोषण सोसल्याचं सांगितलं. आणि करणारे? निम्मे तरी ओळखीचे, विश्वासातले. त्यांना कोण रजिस्टरवर सही करायला लावणार? त्यांना आपण चहा देतो.

आता माझं जुनं दुखणं. गौरी-गणपतीत पाहुणे येतात, पोर आईमागे लपतं, आणि आपण म्हणतो, "असं काय करतेस? आपलेच आहेत. दे बघू पापी." मी स्वतः भाचीला असंच एकांच्या मांडीवर ढकललंय. वाईट काही घडलं नाही. पण तिचं 'नको' मी सगळ्यांदेखत खोडून टाकलं. नंतर त्याच मुलीला शाळेत तक्ता दाखवायचा, नको असेल तर ओरड म्हणून. सहा वर्षांच्या पोरीनं स्वतःचं रक्षण करायचं, आणि आपण तक्त्याला लॅमिनेशन करायचं! त्यात भाषेची गंमत. हात, पाय, नाक, गुडघा इथवर आपली मराठी तोंडभरून बोलते, मग एकदम 'तिथे' म्हणते. मूल सांगणार तरी कोणत्या शब्दांत?

चिठ्ठी आली. पाच मिनिटं. बरं, मूळ विषय.

मुलानं सांगितलं, तर ऐकून घ्या. "तेव्हाच का नाही बोललास?" हे विचारू नका. उलटतपासणी करू नका, त्याच्याच शब्दांत लिहून ठेवा. 1098 या मुलांसाठीच्या हेल्पलाइनला फोन करा किंवा पोलिसांत जा. 2012 च्या पॉक्सो कायद्यानुसार, म्हणजे मुलांना लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण देणाऱ्या कायद्यानुसार, माहिती असून न कळवणं हा गुन्हा आहे, सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. चांगल्या हेतूनं कळवणाऱ्याला मात्र संरक्षण आहे. म्हणजे 'घरातलं घरात मिटवू' म्हणणारे आजोबा पोराचंही नुकसान करतात आणि स्वतःचंही. पोलिसांनी जबाब घरी किंवा मूल म्हणेल तिथे घ्यायचा, गणवेश न घालता, शक्यतो महिला अधिकाऱ्यानं. मुलाला रात्री ठाण्यात ठेवता येत नाही. नाव, फोटो, शाळा कुठल्याही माध्यमात द्यायची नाही. तेव्हा ग्रुपवर 'कुठली विंग?' विचारणाऱ्यांनी जरा आवरावं. मुलांच्या संरक्षणासाठी नेमलेल्या बालकल्याण समितीकडून मुलाला आधार देणारी व्यक्ती मिळते, ती मागून घ्या. राज्याची मनोधैर्य योजना आहे, आर्थिक मदतीसाठी. तिच्याबद्दल विधी सेवा प्राधिकरणात, म्हणजे मोफत कायदेशीर मदत देणाऱ्या सरकारी कार्यालयात, विचारा.

आणि शेजाऱ्यांचं काम, जे कायद्यात लिहिलेलं नाही. तारखेच्या दिवशी धाकट्या भावंडाला शाळेतून आणा. डबा द्या. आईला हवं असेल तर शिवाजीनगरच्या कोर्टात तिच्याबरोबर बाकड्यावर बसा, तिनं काढला नाही तर तुम्हीही विषय काढू नका. खटला लांबतो, तेव्हा पहिल्या आठवड्यात गर्दी आणि सहाव्या महिन्यात कुणीच नाही, असं करू नका. मुलाला खाली खेळायला पूर्वीसारखीच हाक मारा. पकडापकडीत त्याच्यावर राज्य आलं, तर येऊ द्या.