अ‍ॅडम पेटी: चौथी पिढी, एकच शर्यत

श्रोतेहो, नमस्कार.

अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलिनात पेटी म्हटलं की समोर येतं ते स्टॉक कार, म्हणजे रस्त्यावरच्या मोटारींसारख्या दिसणाऱ्या गाड्यांच्या, शर्यतींचं घराणं. अ‍ॅडमच्या पणजोबांनी, ली पेटींनी, 1959 साली डेटोना 500 ही नावाजलेली शर्यत पहिल्यांदा झाली तेव्हा ती जिंकली. आजोबा रिचर्ड यांच्या नावावर 200 विजय आणि 7 अजिंक्यपदं. त्यांना तिथे सरळ ‘किंग’ म्हणतात. वडील काइल हेही ड्रायव्हरच. अशा घरातला अ‍ॅडम दुसरीकडे जाणार तरी कुठे?

2 एप्रिल 2000 रोजी टेक्सासमध्ये तो नॅस्कारच्या, म्हणजे या शर्यती भरवणाऱ्या संस्थेच्या, सर्वांत वरच्या मालिकेत उतरला. इंजिननं दगा दिला, नंबर आला चाळिसावा. तीनच दिवसांनी पणजोबा गेले. त्या मालिकेत अ‍ॅडमच्या वाट्याला आलेली ही एकच शर्यत.

12 मे रोजी न्यू हॅम्पशायरच्या ट्रॅकवर खालच्या बुश मालिकेचा सराव सुरू होता. हा ट्रॅक फसवा. सरळ पट्ट्यावर गाडी सुसाट येते आणि सपाट, आखूड वळण एकदम अंगावर येतं. तिथे वेग उतरलाच पाहिजे. अ‍ॅडमच्या गाडीचा थ्रॉटल, म्हणजे वेग वाढवणारी यंत्रणा, उघडाच अडकला असावा, असं मानतात. तिसऱ्या वळणावर गाडी जवळजवळ नाकासमोर भिंतीवर आदळली. अशा धडकेत पट्ट्यांनी जखडलेलं धड जागच्या जागी राहतं. हेल्मेटचं ओझं घेऊन डोकं मात्र पुढे फेकलं जातं आणि कवटीचा तळ मोडतो. अ‍ॅडमचं तेच झालं. वय एकोणीस.

पुढे काइलनी मुलाची 45 नंबरची गाडी स्वतः चालवली. आजारी मुलांसाठी शिबिर उभारायचं अ‍ॅडमच्या मनात होतं. 2004 साली ते रँडलमनला सुरू झालं.

आता रागाची गोष्ट. आठ आठवड्यांनी, 7 जुलैला, त्याच ट्रॅकच्या त्याच वळणावर केनी अर्विन हा दुसरा ड्रायव्हर गेला. मग स्टिअरिंगवर इंजिन बंद करायचं बटण आलं. अंगठा पोचेल एवढ्या अंतरावरचं साधं बटण! आणि डोकं-मान धरून ठेवणारं ‘हान्स’? ते तर 1980च्या दशकातच तयार झालं होतं. पण बऱ्याच ड्रायव्हरना ते अडचणीचं वाटे, आणि नॅस्कारही सक्ती करीना. फेब्रुवारी 2001 मध्ये डेटोनाला डेल अर्नहार्टसारखा दिग्गज गेला, तरी असं साधन सक्तीचं व्हायला ऑक्टोबर उजाडला.