हिरो कोर्टच्या कडेला उभा आहे

[दृश्य : ‘स्लॅम डंक’ची पानं, कडेला उभा साकुरागी]

आज खेळावरची, मुलांची चार पुस्तकं दाखवतो. पहिलं ‘स्लॅम डंक’. हा लाल केसांचा उंच पोरगा बघा, साकुरागी. बास्केटबॉलच्या टीममध्ये आलाय तो एका मुलीवर छाप पाडायला, आणि आल्या दिवसापासून स्वतःला जिनियस म्हणवतोय. पण याला कोर्टवर कोणी घेतच नाही. बाकीचे खेळतायत आणि हा कडेला गुडघे वाकवून नुसता बॉल आपटतोय, चिडतो, निघून जातो, परत येतो. ताकेहिको इनोउए यांची ही जपानी कॉमिक मालिका १९९० ते १९९६ चालली आणि त्यात हा पोरगा शेवटपर्यंत शिकाऊच आहे, म्हणजे समोरच्या टीममधली मुलं वर्षानुवर्षं खेळतायत आणि याला जेमतेम चार महिने झालेत.

[दृश्य : शॉटचा सराव, हाताचा क्लोजअप]

नॅशनलच्या आधी टीम कॅम्पला जाते, याला मागे ठेवतात. काम काय, तर वीस हजार शॉट मारायचे. आता हा हात नीट बघा. जोर गुडघ्यातून, बॉल उजव्या हातावर, डावा हात नुसता आधाराला. परत. परत. मित्र बॉल उचलून देतायत. आणि मग त्याला त्याच्याच शॉटचा व्हिडिओ दाखवतात, तेव्हा तो हादरतो, कारण मनातला आपण आणि पडद्यावरचा आपण यात केवढा फरक आहे हे त्याला पहिल्यांदा दिसतं. मला विचाराल तर अख्ख्या गोष्टीतला सगळ्यात मोठा क्षण हाच आहे, मॅच वगैरे नंतर.

[दृश्य : कोच आनझाई, पांढरे केस, चष्मा]

हे त्याचे कोच. शांत, गोल चेहऱ्याचे, आवाज चढवत नाहीत. पण हेच आनझाई एके काळी कॉलेजच्या टीमचे भयंकर कडक कोच होते, सगळे टरकून असायचे. त्यांचा याझावा नावाचा गुणी खेळाडू बेसिकच्या रट्ट्याला कंटाळून अमेरिकेला निघून गेला, तिथे त्याचं बस्तान बसलं नाही आणि काही वर्षांनी तो वारला. आनझाईंनी कॉलेजचं कोचिंग सोडलं. आदर्श म्हणून पोरांसमोर उभा केलेला माणूस स्वतः एकदा चुकलेला आहे आणि लेखकाने ते लपवलेलं नाही, म्हणून त्यांचा शब्द पोरांना पटतो.

[दृश्य : सानो या टीमविरुद्धच्या मॅचची शेवटची पानं. निवेदन थांबतं.]

रुकावा हा साकुरागीच्याच टीममधला, पण दोघांचं अजिबात पटत नाही, एकमेकांकडे बघतही नाहीत. शेवटच्या सेकंदांत रुकावा पास देतो. इथे मी काही बोलत नाही, या पानांवर शब्द जवळपास नाहीतच.

पुढच्याच मॅचला ही टीम सपाटून हरते. ते सांगायला इनोउएंना एक ओळ पुरते.

[दृश्य : जुनं चित्रमय पुस्तक, क्रिकेटचं मैदान]

जिंकण्या-हरण्यापेक्षा माणूस मोठा दाखवायची ही रीत आजची नाही. १८५७ साली आलेली थॉमस ह्यूजची ‘टॉम ब्राउन्स स्कूल डेज’ ही शाळकरी मुलांच्या कादंबऱ्यांची आजी म्हणा. तिच्या शेवटी टॉम कॅप्टन आहे, आणि तो आर्थर नावाच्या नाजूक मित्राला मॅचमध्ये घेतो. खेळ बघून नाही. टीममध्ये असण्याने त्याचं भलं होईल म्हणून, असं तो शिक्षकांना सरळ सांगतो. शाळेची टीम ती मॅच हरते. आणि एवढा मोठा कॅप्टन वाचकाच्या लक्षात राहतो तो त्याच्या रनांमुळे नाही, दुसऱ्याला जागा करून दिली म्हणून.

[दृश्य : ‘द क्रॉसओव्हर’, अक्षरं पानभर उड्या मारतायत]

आता उलटी बाजू. क्वामे अलेक्झांडरची ही कवितेतली कादंबरी, २०१५चं न्यूबेरी पदक, म्हणजे अमेरिकेतला बालसाहित्याचा मोठा पुरस्कार, मिळालेली. जॉश आणि जॉर्डन ही जुळी भावंडं, बाप प्रोफेशनल बास्केटबॉल खेळलेला, बोटात चॅम्पियनशिपची अंगठी, पोरांचा देव. ओळी बघा कशा ड्रिबलसारख्या पळतात. जॉश रागाच्या भरात भावाच्या तोंडावर बॉल मारतो आणि त्याला टीमबाहेर बसावं लागतं, तिथे बसून तो पहिल्यांदा भावाकडे नीट बघायला शिकतो. बाप मात्र ऐकत नाही. ब्लड प्रेशर आहे, बायको सांगून थकते, हा डॉक्टरकडे जात नाही. शेवटी तो मरतो.

[दृश्य : टॅक्सी, ट्रॅक, चंदेरी बूट]

जेसन रेनॉल्ड्सची ‘घोस्ट’ ही घोस्ट नावाच्या पळणाऱ्या पोराची गोष्ट, आणि त्याचा कोच टॅक्सी चालवतो. त्याने ऑलिंपिकचं पदक मिळवलेलं आहे, पण पोरांवर तो त्याचा रुबाब करत नाही, आणि घोस्ट ज्या वस्तीतून येतो तिथूनच तोही आलाय हे आपल्याला बऱ्याच उशिरा कळतं. घोस्टने हे चंदेरी बूट चोरलेत. कोचला कळतं, तेव्हा तो चोरीवर पांघरूणही घालत नाही आणि पोराला वाऱ्यावरही सोडत नाही. हे दोन्ही एकदम जमवणारी मोठी माणसं पुस्तकांत कमी भेटतात, म्हणून मी हा कोच पुन्हा पुन्हा दाखवतोय. पुस्तक थांबतं ते शर्यतीच्या पिस्तुलाच्या आवाजावर. कोण जिंकलं ते शेवटच्या पानावरही नाही.

[दृश्य : चारही पुस्तकं टेबलावर]

ज्या मुलाला वाचायचा कंटाळा आहे त्याला आधी ‘द क्रॉसओव्हर’ द्या, ओळी छोट्या आहेत. ‘घोस्ट’ही तसं छोटंच आहे. ‘स्लॅम डंक’चे ३१ खंड आहेत, वाचायचे तर पहिल्यापासून वाचा, शेवटच्या मॅचकडे उडी मारू नका.