नखाची पांढरी रेघ

श्रोतेहो, नमस्कार.

तुमच्यापैकी जे नदीकाठी वाढले, त्यांना ही परीक्षा आठवत असेल. पोरगं शाळेतून उशिरा आलं की आई त्याचा हात ओढायची आणि दंडावरून नख फिरवायची. कातडीवर पांढरी रेघ उमटली की कळायचं, स्वारी पाण्यात डुंबून आली आहे. पुढचं सांगायला नको. आमच्या जुन्या नाशकात हे घरोघरी चालायचं. नदीचं नाव भूगोलाच्या पुस्तकात गोदावरी. आम्ही मात्र 'गंगेवर जाऊन येतो' असंच म्हणायचो. आजही तसंच म्हणतो.

माझ्या दंडावर ती रेघ उमटू नये म्हणून जपणारा माझा मित्र गेल्या महिन्यात गेला.

आळीत त्याला सगळे पाणबुड्या म्हणायचे. रामकुंडात यात्रेकरूंनी टाकलेली पैसा-दोन पैशांची नाणी तो तळाशी जाऊन उचलून आणायचा. इतका वेळ आत राहायचा की काठावर मला रडू फुटायचं. वडील लहानपणीच गेलेले, आई दिवसभर लोकांच्या घरी स्वयंपाकाला. त्याच्या दंडावर नख ओढायला घरी कोणी नव्हतंच.

मला पोहायला त्यानंच शिकवलं. पाठीला रिकामा डालड्याचा डबा बांधायचा आणि पोटाखाली हात धरून मला गांधी तलावात फिरवायचा. एके दिवशी, मी हात मारण्यात गुंग असताना, त्यानं डब्याची दोरी हळूच सोडली. मी पलीकडच्या पायरीला हात लावून मागं पाहिलं, तर डबा त्याच्या डोक्यावर आणि हा कमरेएवढ्या पाण्यात उभा राहून नाचतोय. माझ्या आयुष्यात माझ्या यशानं इतका आनंद दुसऱ्या कोणाला झाल्याचं मला आठवत नाही.

आणि मग घरी निघण्याआधी तेल. त्याच्या दप्तरात औषधाच्या जुन्या बाटलीत खोबरेल असायचं. देवळाच्या सावलीत मला बसवून तो माझ्या हातापायांना ते चोळायचा आणि स्वतःच नख ओढून तपासायचा. रेघ नाही, जा आता. रंगपंचमीला तेवढी या तेलाची गरज नसे. तिवंध्याच्या रहाडीत, म्हणजे रंगाच्या पाण्यानं भरलेल्या जुन्या हौदात, धप्पा मारून पिवळेधमक होऊन घरी गेलो तरी कोणी विचारत नसे. वर्षातला तो एक दिवस उघड भिजायचा.

1969 चा पूर आला तेव्हा आम्ही अकरा वर्षांचे होतो. सराफ बाजारात, भांडी बाजारात पाणी शिरलेलं. नाशिककर पूर मोजतात तो नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या उंच मूर्तीवर: पाणी गुडघ्याला, कमरेला, छातीला, गळ्याला. त्या दिवशी मारुती दिसतच नव्हता. आम्ही टेकडीच्या कडेला उभे होतो. मला वाटलं, हा आता काहीतरी धाडस करणार. त्यानं माझं मनगट घट्ट धरलं आणि एवढंच म्हणाला, ''आज तिच्या जवळ जायचं नाही.'' त्याचा हात थरथरत होता. आमच्यात नदीला खरं ओळखणारा तोच होता.

पुढं तो ओझरच्या विमान कारखान्यात फिटर म्हणून लागला, निवृत्त झाला आणि मुलाकडे पुण्याला गेला. दर पावसाळ्यात धरणातून पाणी सोडल्याची बातमी लागली की त्याचा फोन यायचा. ख्याली नाही, खुशाली नाही. ''मारुती कुठवर बुडाला रे?'' मी होळकर पुलावरून बघून सांगायचो. गेल्या पावसाळ्यात म्हणाला होता, ''2027 च्या सिंहस्थाला येतो. रामकुंडात एक सूर मारू.'' मी म्हटलं, ''लेका, गुडघे बघ आधी.'' त्यावर तो खूप वेळ हसला होता.

दशक्रिया विधी इथं रामकुंडावरच झाला. त्याची तशी इच्छा होती. पिंडाला कावळा लगेच शिवला. सगळं आटोपल्यावर त्याची थोरली बहीण माझ्याजवळ पायरीवर येऊन बसली. ऐंशीला टेकलेली ताई. म्हणाली, ''तुला ठाऊक आहे का रे, आई सकाळी त्याच्या डोक्याला लावायला हातावर तेल ओतायची. तो ते डोक्याला लावायचाच नाही. कोपऱ्यात जाऊन बाटलीत भरायचा. मास्तर ओरडायचे, केस बघ कसे राठ झालेत. पण कशासाठी भरतो, ते आईला शेवटपर्यंत सांगितलं नाही.''

श्रोतेहो, मी साठ वर्षं समजत होतो की ते तेल त्याच्याकडे असंच असायचं. मी कधी विचारलंच नाही. विचारायला हवं होतं. त्याचे ते भुरभुरणारे, कोरडे केस मला इतके स्पष्ट आठवतात, आणि तरी मला ते कधी दिसले नव्हते.

ताईला काही सांगता आलं नाही. मी सदरा काढून पायरीवर ठेवला आणि पाण्यात उतरलो. तीन बुड्या मारल्या. पाणी थंडगार होतं.

घरी पोचेपर्यंत अंग वाळलं होतं. ओट्यावर बसलो आणि दंडावरून नख ओढलं. पांढरी, सरळ रेघ उमटली. आतून जेवायला हाक आली तरी मी तिच्याकडेच बघत होतो.

नमस्कार.