चोरीला तो ‘कटती’ म्हणतो

(नागपुरातल्या एका वाचनालयात, नव्याने कथा-कादंबरी लिहू लागलेल्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचं हे संपादित रूप.)

मित्रहो, नागपुरात बसून खलनायकाबद्दल बोलायचं तर सुरुवात इतवारीपासूनच करायला हवी. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, तान्ह्या पोळ्याला, इथे काळी आणि पिवळी मारबत, म्हणजे बाईच्या रूपातले मोठे पुतळे, मिरवणुकीने निघतात. १८८० च्या दशकापासून निघताहेत. सोबत बडगे असतात. त्या त्या वर्षी लोकांच्या जिवाला जे लागलं असेल त्याचा बडग्या: महागाईचा, डेंग्यूचा, लाचखोराचा. बांबूच्या कामट्या, कागद, रंग आणि गळ्यात पाटी. ‘ईडा पीडा घेऊन जा गे मारबत’ म्हणत लोक त्यांना मिरवत नेतात आणि जाळतात.

लहानपणी आजीचं बोट धरून मी ही मिरवणूक बघायचो. काळ्या मारबतीच्या नावाने ओरडणारी गर्दी असते, तशी तिच्यापुढे हात जोडणारीही असते. बायका लेकरांना दर्शनाला आणतात. काळी मारबत म्हणजे इंग्रजांना जाऊन मिळालेली, नागपूरच्या भोसले घराण्यातली बाकाबाई, असं लोक सांगतात. आजीही तेच सांगायची, आणि सांगता सांगता डोक्यावरचा पदर सावरून नमस्कार करायची. फितूर बाईला नमस्कार कशाला, असं मी एकदा विचारलं. ती म्हणाली, “आपलं सगळं तीच वाहून नेते ना रे.”

बडग्याला आजीने कधी नमस्कार केल्याचं मला आठवत नाही. बडग्याच्या गळ्यात पाटी होती, ती वाचली की त्याचं काम संपलं. मारबतीमागे एक बाई होती, तिचं राज्य होतं, तिने केलेली एक निवड होती. तुमच्यातले अनेक जण मला हस्तलिखितं वाचायला देतात. त्यांतले बहुतेक खलनायक बडगे असतात. पहिल्याच पानावर पाटी दिसते: लोभी सावकार, माजलेला पुढारी, छळणारी सासू. पुढची दोनशे पानं तो माणूस त्या पाटीबाहेर पाऊल टाकत नाही.

माझ्या पहिल्या कादंबरीचा खर्डाही असाच होता. कापसाच्या एका अडत्याची, म्हणजे दलालाची, गोष्ट. खेडा खरेदीला जायचं, काट्यात मारायचं, चुकारे थकवायचे आणि अडलेल्या शेतकऱ्याचं वावर शेवटी आपल्या नावावर करून घ्यायचं, असा तो माणूस. मला त्याची चीड होती. ती चीड खरी होती, म्हणून पात्रही खरं झालं असेल असं मी धरून चाललो होतो.

माझे थोरले काका एका जिनिंगमध्ये (कापसातली सरकी काढतात तिथे) तीस वर्षं मापारी होते, म्हणजे काट्यावर वजन करायचे. कापसातलं त्यांना कळतं म्हणून मी त्यांना चार प्रकरणं वाचून दाखवली. ऐकून झाल्यावर त्यांनी एवढंच विचारलं, “बापू, हा मानूस जेवते कवा?”

मी म्हटलं, जेवणाचा प्रसंग कथेत येत नाही.

“त्याले लेकरूबाकरू नाई का? रात्री झोप लागते का नाई? आन् तू त्याच्या तोंडी चोरी-चोरी काय घातलं? चोरी कोनी म्हनत नव्हतं. कटती म्हनत.”

कटती. कापूस ओला आहे, कचरा आहे, वाटेत घट येते, म्हणून वजनातून अमुक इतकं वजा. यातलं थोडं रास्तही असतं. त्या रास्त थोड्याच्या आडोशाला बाकीचं बसतं. काका सांगत होते, त्यांचा मालक पंगतीत शपथेवर सांगायचा की आयुष्यात मी कुणाचं तोळाभर खाल्लं नाही. तो खोटं बोलत नव्हता. त्याच्या वहीत तसंच लिहिलेलं होतं.

मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं की वाईट माणसाकडे त्याच्या वाईटपणासाठी स्वतःचा एक शब्द असतो. तो लेखकाच्या शब्दाहून वेगळा असतो. पात्राचा तो शब्द सापडेपर्यंत त्याची मिशी, त्याचा आवाज, त्याच्या अंगठ्या, सगळं वरवरचं. आणि वाचक अशा माणसाकडे ओढला जातो तो यामुळेच. आपल्या प्रत्येकाच्या घरात एक कटती चालू असते. भावाच्या वाट्यातली, बायकोच्या वेळेतली, आईच्या औषधातली. ती आपण कुणाजवळ बोलत नाही. कादंबरीत कुणीतरी तीच भाषा मोकळेपणाने बोलताना भेटतो आणि पान उलटलं जातं.

आपल्या जुन्या नाट्यशास्त्राने खलनायकाला फार सुंदर नाव दिलं होतं: प्रतिनायक. धनंजयाच्या ‘दशरूपका’त त्याची लक्षणं येतात: लोभी, उद्धत, हट्टी, पाप करणारा, व्यसनी. ही यादी मला पाटीसारखीच वाटते. पण शास्त्र यादी करतं तेव्हा नाटककार काय करतो ते बघायचं असेल तर भास या जुन्या संस्कृत नाटककाराच्या नावावर असलेलं ‘ऊरुभंग’ वाचा. छोटीशी एकांकी आहे.

दुर्योधन मांड्या मोडून पडला आहे. आंधळा बाप, आई, बायका रणांगणावर त्याला शोधत येतात. त्यांच्याबरोबर त्याचा लहान मुलगा दुर्जय आहे. थकलेलं लेकरू बापाला बघून धावतं आणि सवयीने त्याच्या मांडीवर बसायला जातं. दुर्योधनाला त्याला अडवावं लागतं. ही तुझी बसायची जागा आता राहिली नाही, असं सांगावं लागतं.

इथे थोडं थांबा. मांडी कोणती? भरसभेत द्रौपदीला दाखवली होती, तीच. भीमाने जिच्यासाठी प्रतिज्ञा केली, तीच. ज्या अवयवाने त्याने सर्वांत नीच कृत्य केलं, तोच अवयव नाटककाराने एका लेकराचं आसन करून ठेवला आहे. द्रौपदीचा अपमान त्याने धुऊन काढला नाही, की दुर्योधनाकडून एखादं लांबलचक पश्चात्तापाचं भाषण करून घेतलं नाही. मांडी एकच, आणि तिच्या दोन आठवणी. तुम्ही प्रेक्षागृहात बसलेले असता तेव्हा दोन्ही एकदम तुमच्या अंगावर येतात, आणि त्यातली एकही सोडता येत नाही. मरता मरता तो मुलाला सांगतो, माझी सेवा केलीस तशीच पांडवांची कर. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुस्तक मिटून बराच वेळ गप्प बसलो होतो. दोष असलेलं पात्र कसं लिहावं याबद्दल मला जे काही ठाऊक आहे, ते बहुतेक त्या एका प्रसंगाने शिकवलं आहे.

आता आपल्याजवळच्या माणसाकडे येऊ. इथून छिंदवाड्याच्या रस्त्याला लागलं की सावनेर येतं. राम गणेश गडकरी तिथे २३ जानेवारी १९१९ ला गेले, अवघ्या तेहेतिसाव्या वर्षी. शेवटच्या दिवसांत, आजारपणात, ते ‘भावबंधन’ पुरं करत होते. त्यातला घनश्याम हा मराठी रंगभूमीवरचा मोठा खलपुरुष. चिंतामणराव कोल्हटकरांनी ती भूमिका गाजवली. घनश्यामाचं सगळं विष एका अपमानातून येतं: लतिकेने त्याला हिणवलं. अपमान सोसलेल्या माणसाला, मी आता फक्त माझं येणं वसूल करतोय, असं वाटत राहतं. त्याची कटती म्हणजे ही वसुली.

आणि ‘एकच प्याला’. सुधाकर खलनायक नाही. बुद्धिमान वकील, मानी माणूस. कोर्टात अपमान होतो, सनद जाते आणि तळीराम पेला पुढे करतो. त्या नाटकाचं नावच बघा. ‘प्याला’ या शब्दात पाप नाही, सगळं पाप ‘एकच’ या शब्दात आहे. ती सुधाकराची कटती. मध्ये तो दारू सोडतो, कामासाठी दारोदार जातो, पुन्हा मान दुखावतो आणि पुन्हा तोच शब्द. पुढे लेकरू जातं, सिंधू जाते. व्यसन हे निमित्त आहे, त्याच्या मुळाशी त्याचा मान आहे, आणि ज्या मानामुळे आपल्याला तो आवडतो त्याच मानाने तो घर बुडवतो. गुण आणि दोष अशा दोन वेगळ्या थैल्या माणसाजवळ नसतात. लिहिणाऱ्याने एवढं धरून ठेवलं तरी पुष्कळ.

एक शंका तुमच्यापैकी काहींनी चिठ्ठीवर लिहून दिली आहे: वाईट माणसाला एवढं समजून घेतलं तर त्याला माफ केल्यासारखं होत नाही का? होतं, जर तुम्ही काट्याची दुसरी बाजू लिहिली नाही तर. अडत्याचं जेवण लिहा, त्याच्या मुलीचा ताप लिहा, पण त्याच पानावर क्विंटलमागे गेलेला कापूस कुणाच्या घरात काय कमी करून गेला तेही लिहा. शाळेची फी, विहिरीचं इंजिन, रबी पेरायचं बियाणं. नेमकं लिहा, आकड्यात लिहा. अलीकडे खलनायकाला देखणा, हुशार, टाळ्यांच्या वाक्यांचा करण्याची हौस फार वाढली आहे, आणि ज्यांना त्याने लुटलं ते मागे धूसर होत जातात. मला ते लेखन अप्रामाणिक वाटतं. पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीत रात्रभर चालणाऱ्या नाटकांना मी बसलो आहे. तिथला प्रेक्षक खलनायकाच्या एंट्रीची वाट बघतो, त्याच्यावर जीव टाकतो, आणि त्याच रात्री त्याला मोठमोठ्याने शिव्याही देतो. दोन्ही मनापासून. तो प्रेक्षक डोळ्यांपुढे ठेवा.

माझ्या कादंबरीबद्दल सांगायचं राहिलं. मी ती पुन्हा पहिल्यापासून लिहिली, दोन वर्षं लागली. अडत्या आता जेवत होता. मुलीच्या लग्नाची काळजी करत होता. आणि कुठेही ‘चोरी’ म्हणत नव्हता. पहाटे कापसाच्या गाड्या उभ्या आहेत, थंडी आहे, शेतकरी बिड्या ओढताहेत आणि काट्यावर वजन चाललंय, असं एक प्रकरण होतं. ते मी काकांना वाचून दाखवलं. तोवर त्यांना दिसत नव्हतं फारसं. माझं वाचून झालं तरी ते खाटेच्या काठाशी हात चाचपत बसले होते. मला वाटलं, पुन्हा काहीतरी चुकलं.

“बराबर हाय,” ते म्हणाले. मग बऱ्याच वेळाने, “काट्यावर हात त माहाच राहे, बापू.”

मी काही बोलू शकलो नाही. खर्ड्यात त्या मापाऱ्याला नाव नव्हतं. ‘मापारी’ एवढंच होतं, तीनदा. त्या रात्री मी त्याला नाव दिलं आणि ते प्रकरण परत पहिल्या ओळीपासून लिहायला घेतलं.