आधी नळी बघा

श्रोतेहो, नमस्कार.

आज मी तुमच्याशी बोलणार आहे ते ट्रकच्या पोटाखाली लोंबणाऱ्या एका नळीबद्दल. जुन्या डिझेल ट्रकच्या इंजिनाकडे बाजूनं वाकून बघा. इंजिनाच्या कुशीतून निघून रस्त्याकडे तोंड करून सोडलेली एक नळी दिसेल. टोकाशी काळं, चिकट, वर धूळ बसलेली. गॅरेजात तिला ब्रीदर म्हणतात. टायर बघतात, ब्रेक बघतात, हॉर्न तर रोज बघतात, पण या नळीकडे कुणी ढुंकून बघत नाही.

तिचं काम काय? डिझेल जळतं तेव्हा पिस्टनच्या डोक्यावर प्रचंड दाब येतो. टर्बोच्या, म्हणजे धुराच्या जोरावर फिरून जादा हवा आत कोंबणारा पंखा असलेल्या इंजिनात तो बाहेरच्या हवेच्या दाबाच्या शंभर पटीवर जातो. पिस्टनच्या रिंगा कितीही चांगल्या असल्या तरी थोडा वायू त्यांच्या फटीतून खाली चेंबरमध्ये, म्हणजे ऑइल असतं त्या इंजिनाच्या पोटात, उतरतोच. नव्या इंजिनात कमी, जुन्यात जास्त. यालाच आपले मिस्त्री लोक बॅक कॉम्प्रेशन म्हणतात. या वायूत काजळी असते, पाण्याची वाफ असते, न जळलेलं डिझेल असतं आणि खाली उडणाऱ्या ऑइलचे बारीक कण असतात. हे सगळं बाहेर पडायला वाट लागते. ती वाट म्हणजे ही नळी. कुकरच्या शिट्टीत शीत अडकलं की काय होतं ते प्रत्येक घरात माहीत आहे, तेच इथं होतं. नळी तुंबली की दाब दुसरीकडून निघतो. टॅपेट कव्हरच्या, म्हणजे इंजिनाच्या वरच्या झाकणाच्या पॅकिंगमधून निघतो, क्रँक या मुख्य दांड्याच्या ऑइल सीलमधून निघतो, ऑइल मोजायच्या काठीच्या, डिपस्टिकच्या भोकातून निघतो. आणि जिथून निघतो तिथून ऑइल घेऊन निघतो.

म्हणून आजच्या बोलण्यातलं एकच वाक्य ध्यानात ठेवा. ऑइल गळायला लागलं की आधी नळी बघा, मग इंजिन खोला. आधी नळी, मग इंजिन.

आता एक हकीकत सांगतो. मी तेव्हा अक्कलकोट रोडला आमच्या उस्तादांच्या हाताखाली काम शिकत होतो. एक अण्णा होते, स्वतःची गाडी स्वतः चालवणारे. टाटाची जुनी १६१३, कमिन्सचं सहा सिलिंडरचं टर्बो इंजिन. सोलापुरातून सिमेंट भरायचं आणि तुळजापूरच्या घाटानं लातूरला टाकायचं, हा त्यांचा धंदा. गाडी चांगली होती. ब्रीदरमधून चार-दोन थेंब पडायचे, जुन्या गाडीत पडतातच. पण एका ठिकाणी भरायला गाडी लावली की गेटवरचा माणूस खाली वाकून बघायचा आणि ऑइल टपकतंय म्हणून गाडी बाहेर काढायचा.

इथं जरा थांबून बोलतो. आवारात ऑइल सांडू नये हा नियम योग्यच आहे. पण वैशाखातल्या सोलापूरच्या उन्हात ड्रायव्हरला गेटबाहेर चार-चार तास उभं करायचं, सावलीला पत्रा नाही, प्यायला पाणी नाही, हे कुठल्या नियमात बसतं? ज्याच्या जिवावर माल जातो त्याला एक रांजण तरी ठेवा. मी हे जिथं बोलायची संधी मिळेल तिथं बोलतो, इथंही बोलतो.

तर अण्णांच्या किन्नरनं, म्हणजे गाडीवरच्या क्लीनरनं, यावर उपाय काढला. पोरगा हुशार होता. त्यानं पाण्याची प्लॅस्टिकची बाटली घेतली, ब्रीदरच्या टोकावर चढवली आणि जुन्या ट्यूबची पट्टी कापून वरून करकचून आवळली. एक थेंब खाली पडेना. गेटवर गाडी पास झाली. अण्णा खूश.

आठवडाभरात गाडी घाटाला ऑइल फेकायला लागली. टॅपेट कव्हरच्या कडेनं ओघळ. एका गॅरेजात पॅकिंग बदललं, पुढच्याच खेपेला पुन्हा ओघळ. मग मागून, गिअरबॉक्सच्या तोंडाशी गळायला लागलं. दुसऱ्या गॅरेजात गिअरबॉक्स उतरवून क्रँकचं मागचं ऑइल सील नवं टाकलं. दिवसाची मजुरी गेली, सीलचे पैसे गेले आणि सील चार दिवसांत गळायला लागलं. त्यानंतर सायलेन्सरमधून निळा धूर. तिसऱ्यानं सांगितलं, टर्बो गेला आणि इंजिनही बसलंय, लायनर-पिस्टन करावं लागेल, म्हणजे इंजिन खोलून सिलिंडरचं अस्तर आणि पिस्टन नवे टाकावे लागतील. आकडा ऐकून अण्णा गाडी विकायच्या गोष्टी बोलायला लागले.

त्यांना कुणीतरी आमच्या उस्तादांकडे पाठवलं. उस्तादांनी पान्याला हात लावला नाही. बॉनेट उघडलं आणि इंजिनाभोवती एक फेरी मारली. डिपस्टिकपाशी थांबले. डिपस्टिकला बारीक लोखंडी तार गुंडाळलेली होती, दोन वेढे देऊन खालच्या बोल्टला पिळून बांधलेली.

उस्तादांनी किन्नरला विचारलं, "काय रे, ही काठी का बांधलीस?"

"सारखी वर येती की ओ उस्ताद. घाटात तर उडूनच पडती. म्हणून बांधली."

उस्ताद अण्णांकडे वळून म्हणाले, "अण्णा, तीन मिस्त्र्यांनी ही तार बघितली असणार. एकानंबी विचारलं नाही का?"

मग बॅटरी घेऊन ते गाडीखाली शिरले आणि मला चाकू मागितला. ट्यूबची पट्टी कापली तशी बाटली निसटून खाली पडली आणि नळीतून लांबलचक फस्स असा आवाज आला, मागोमाग दुधाच्या चहासारख्या रंगाचं घट्ट पाणी-ऑइल भसाभसा गळालं. चेंबरातली वाफ थंड होऊन ऑइलमध्ये मिसळली की असं होतं. बाटली तर भरलीच होती, वर नळीही अर्धी तुंबली होती.

नळी धुऊन, वाळवून लावली. मग गाडी चालू करून इंजिन गरम होऊ दिलं आणि स्लोवर ठेवलं. उस्तादांनी ऑइल भरायचं झाकण काढून तोंडावर उलटं ठेवलं. झाकण जागच्या जागी थरथरत राहिलं, उडालं नाही. झाकण उडून पडलं असतं तर रिंगा-लायनर खरंच गेले असं धरलं असतं. इथं तसं काही नव्हतं. इंजिन ठणठणीत होतं.

मग टर्बोतून निळा धूर का येत होता? टर्बोच्या बेअरिंगमधलं ऑइल नुसत्या उतारानं चेंबरमध्ये परत येतं. चेंबरमध्येच दाब असेल तर ते परत येऊ शकत नाही, टर्बोतच साचतं आणि त्याच्या सीलमधून धुराच्या वाटेला लागतं. टर्बो बिचारा चांगला असतो. अण्णांचा टर्बो न उघडताच कोरडा झाला. मागचं सील मात्र पुन्हा बदलावं लागलं, कारण दाबानं त्याची कड उलटी झाली होती. लायनर-पिस्टनचा खर्च वाचला आणि गाडी विकायची राहिली.

पार्ट बदलणं वेगळं आणि दुरुस्ती वेगळी. आजकाल गाडी लावली की पार्टची यादी आधी हातात येते. ड्रायव्हरला चार प्रश्न विचारायला पैसे लागत नाहीत. आमच्याकडे शिकायला येणाऱ्या पोरांना मी पहिला महिना पानाच देत नाही. विचारा, ऐका, हात लावून बघा म्हणतो.

गेटचा प्रश्न राहिलाच होता, तोही उस्तादांनी सोडवला. पत्र्याचा एक छोटा डबा घेतला. वर दोन तोंडं, आत तारेची जाळी, तळाला कॉक. एका तोंडातून धूर आत येतो, जाळीला ऑइल चिकटून तळाला बसतं, दुसऱ्या तोंडातून हवा बाहेर जाते. दोन तोंडं, श्रोतेहो. एक आत यायला, एक बाहेर जायला. एकच तोंड असलेला डबा लावला म्हणजे नळीला बूच मारलं.

नळी बसवायची ती सतत उताराची हवी. मध्ये झोळ पडला की तिथं पाणी साचतं आणि वाट बंद होते. मूळ तोंडापेक्षा बारीक नळी लावू नका. नळाची साधी पाईप लावू नका, ती गरम ऑइलनं मऊ पडून आतून चिकटते. सायलेन्सरवरून नेऊ नका, ऑइलचा थेंब तापलेल्या लोखंडावर पडला तर आग लागू शकते. आणि तोंड केबिनच्या मागं, चेसीच्या खाली निघू द्या. जुन्या गाड्यांत इंजिन केबिनमध्येच, किन्नर त्याच्या बॉनेटवर झोपतो. रात्रभर तो हा धूर छातीत घेतो. पोराला खोकला लागला की मालक म्हणतो विडी ओढतो. एकदा नळीचं तोंड बघा आणि मग बोला.

काही जण ही नळी एअर फिल्टरच्या पाईपला जोडून टाकतात, धूर बाहेर दिसायला नको म्हणून. नव्या गाड्यांत ऑइल वेगळं करणारं भांडं कंपनीनंच मध्ये बसवलेलं असतं. जुन्या गाडीत ते भांडं न लावता नुसती नळी जोडलीत तर टर्बो आणि त्याची हवा थंड करणारा इंटरकूलर ऑइलनं माखतात. त्याहून वाईट म्हणजे जास्त ऑइल ओढलं गेलं तर इंजिन त्याच ऑइलवर पळायला लागतं. डिझेल बंद केलं तरी थांबत नाही, आवाज चढतच जातो. तसं झालं तर हवेच्या तोंडावर जाड फळी दाबून हवा बंद करायची. हात लावायचा नाही, कापडही नाही, ते आत ओढलं जातं. हवा बंद, फळीनं. हात नाही.

वेळ संपत आली, एक शेवटचं. नळी साफ आहे, तरी धूर फार येतोय, तर लगेच लायनर-पिस्टनचा निर्णय घेऊ नका. ब्रेकच्या हवेची टाकी भरत असताना ब्रीदरची फुसफुस जास्त आणि टाकी भरल्यावर कमी होते का ते बघा. तसं होत असेल तर दोष बहुधा हवेच्या कंप्रेसरचा. त्याच्या रिंगा झिजल्या की त्याची हवा इंजिनाच्या चेंबरमध्ये उतरते. कंप्रेसरचं काम इंजिनाच्या कामापुढं काहीच नाही.

ज्या इंजिनाच्या ब्रीदरला जाळी आहे ती दर ऑइल बदलीला डिझेलमध्ये धुवा, वाळवा आणि मगच बसवा. ओली बसवू नका. नमस्कार.