चमकलं म्हणजे सापडलं? आधी न रंगवलेली स्लाइड दाखवा!

नमस्कार मंडळी! हळद स्पिरिटमध्ये घालून त्यावर यूव्ही टॉर्च मारायची रील सध्या सगळीकडे फिरतेय. बाटली पिवळट हिरवी पेटते आणि खाली कौतुकाचा पाऊस. माझ्या कमेंटमध्ये मात्र एकच प्रश्न परत परत येतोय: "ताई, दिसायला भारी आहे, पण संशोधनात याचा उपयोग काय?"

या चमकण्याला फ्लुओरेसन्स म्हणतात, आणि आज बोलायचंय ते त्यावर चालणाऱ्या मायक्रोस्कोपबद्दल. मूळ गोष्ट पटकन उरकते. निळा प्रकाश टाकला, रेणूने तो शोषला, थोडी ऊर्जा वाटेत सांडली आणि उरलेली हिरव्या प्रकाशाच्या रूपात परत दिली. मायक्रोस्कोपमधले फिल्टर आणि डायक्रोइक नावाचा तिरका आरसा (एक रंग परतवणारा, दुसरा आरपार सोडणारा) टाकलेला निळा अडवतात, आलेला हिरवा तेवढा वर सोडतात. झालं.

उपयोग क्षयरोगापासून सुरू करू, कारण तो कुठल्या परदेशी लॅबमध्ये नाही, आपल्या सरकारी तपासणी केंद्रांमध्ये चालतो. जुन्या झील-नील्सन पद्धतीत थुंकीच्या स्लाइडवर 100 पटीच्या ऑइल लेन्सखाली गुलाबी जंतू शोधत बसायचं. ऑरामाइन नावाच्या रंगाने तेच जंतू काळोखात पिवळे चमकतात, म्हणून 20 किंवा 40 ची लेन्स पुरते. एका नजरेत जास्त जागा दिसते, स्लाइड लवकर संपते. जागतिक आरोग्य संघटनेने 2011 मध्ये एलईडीवाल्या अशा मायक्रोस्कोपची शिफारस केली, ती यासाठीच.

आता या पद्धतीतली शेवटची पायरी बघा: स्लाइडवर पोटॅशियम परमँगनेट ओततात. ते कशाला? थुंकीतला बाकीचा पसारासुद्धा थोडा थोडा चमकत असतो, तो विझवायला! हा मुद्दा धरून ठेवा, मी आज याच्यावरूनच भांडणार आहे.

दुसरं उदाहरण, जेलीफिशचं. ओसामु शिमोमुरा यांनी 1962 मध्ये एक्वोरिया व्हिक्टोरिया या जेलीफिशमधून हिरवं चमकणारं प्रथिन, म्हणजे जीएफपी, वेगळं केलं. 1994 मध्ये मार्टिन चाल्फी यांच्या गटाने त्याचं जनुक एक मिलिमीटरच्या पारदर्शक कृमीत घातलं आणि स्पर्श ओळखणाऱ्या चेतापेशी जिवंत कृमीत हिरव्या दिसल्या. कापायचं नाही, मारायचं नाही. रॉजर त्सिएन यांनी पुढे या रंगांची अख्खी पेटीच तयार केली, आणि 2008 चं रसायनशास्त्राचं नोबेल तिघांत वाटलं गेलं. आज जीवशास्त्राच्या जवळपास कुठल्याही लॅबमध्ये जा, कुणीतरी कशाला तरी जीएफपी जोडून अंधाऱ्या खोलीत बसलेलंच असतं.

आणि इथेच माझं डोकं फिरतं. त्या कृमीचं आतडं आपलं आपणच चमकतं! जीएफपी नाही, रंग नाही, काही नाही. नवीन विद्यार्थी आतड्यातले ते कण बघतो आणि आनंदाने सांगतो, "प्रथिन आतड्यात सापडलं!"

मी शिकत असताना आमच्या लॅबमधल्या एक सीनियर ताई कुणाचाही सुंदर फोटो बघायलाच तयार नसायच्या. म्हणायच्या, "आधी न रंगवलेली स्लाइड दाखव." कारण तीही चमकली, तर ती चमक रंगाची नाही, नमुन्याची स्वतःचीच. आम्हाला त्या खडूस वाटायच्या. आता मी त्यांच्याहून खडूस झालेय.

गेल्या व्हिडिओखाली बॉटनीच्या एका विद्यार्थ्याने लिहिलं होतं, पानाच्या छेदात लाल ठिपके दिसतात, हे जिवाणू का? अरे बाबा, क्लोरोफिल आहे ते! पालक स्पिरिटमध्ये भिजवून यूव्हीखाली धर, तोच लाल दिसेल. पानात लाल रंगाचा स्टेन वापरणं म्हणजे गणपतीच्या रोषणाईत काजवा शोधणं. दुसरा रंग निवड, आणि तरीही शेजारी न रंगवलेला छेद ठेवच.

तिसरीकडून बघू. स्तनाच्या कर्करोगात हर-टू नावाच्या जनुकाच्या तपासणीचा फिश रिपोर्ट (फिश म्हणजे जनुकांना चमकते ठिपके लावायची पद्धत) काहींनी पाहिला असेल. पेशीचं केंद्रक डॅपीने, म्हणजे डीएनएला चिकटणाऱ्या रंगाने, निळं करतात, हर-टू जनुकाचे ठिपके एका रंगात, 17 व्या गुणसूत्राचे दुसऱ्या रंगात, आणि ते मोजून प्रमाण काढतात. त्यावर औषध ठरतं. पण ऊतक फॉर्मॅलिनमध्ये ठेवलेलं असतं, आणि फॉर्मॅलिनमुळेही ऊतक चमकायला लागतं. शिवाय ऊतकातले कोलॅजनचे तंतू, तांबड्या पेशी, म्हाताऱ्या पेशींत साठलेला लिपोफ्युसिन नावाचा कचरा, हेही आपलं आपण चमकतात. म्हणून तिथे उत्तर आधीच माहीत असलेल्या पेशींच्या, तुलनेसाठीच्या कंट्रोल स्लाइड सोबत तपासतात.

आणि हो, कंट्रोलचा फोटो ऑटो एक्सपोजरवर काढू नका! कॅमेरा हुशार असतो. काही दिसलं नाही की तो एक्सपोजर वाढवतो आणि काळी स्लाइडसुद्धा उजळून दाखवतो. उलट कंट्रोल गडद हवा म्हणून एक्सपोजर कमी करणारेही महाभाग आहेत. नमुन्याला 200 मिलिसेकंद, तर कंट्रोललाही 200. तीच लेन्स, तोच फिल्टर, तोच दिव्याचा उजेड.

"फोटोतले रंग खरे असतात का?" असंही बऱ्याच जणांनी विचारलंय. बहुतेक वेळा नाही. चांगले संशोधनाचे कॅमेरे कृष्णधवल असतात, रंग सॉफ्टवेअरमध्ये आपण देतो. म्हणून विनंती: लाल-हिरव्याची जोडी सोडा, जांभळट मॅजेंटा आणि हिरवा वापरा. रंगांधळ्या माणसालाही तुमचा शोध दिसू दे की!

शेवटचा प्रश्न: "पाच मिनिटं बघितलं तर स्लाइड फिकी का पडली?" सतत प्रकाश खाऊन रंगाचे रेणू कायमचे बिघडतात. फोकस डॅपीवर लावा, बघून झालं की शटर बंद करा, आणि चहाला जाताना दिवा स्लाइडवर तसाच ठेवून जाऊ नका. घरच्या मायक्रोस्कोपला यूव्ही टॉर्च लावायचा विचार असेल, तर फिल्टर नसताना आयपीसला डोळा लावायचा नाही. त्या जुगाडाचा वेगळा व्हिडिओ करते, तोपर्यंत पालकावर भागवा.